पान एकशे बारा

अन्याय झाला तो आमच्या वाचनालयाच्या बाईंवर. श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, बोरीवली पूर्वेच्या आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमक्ष. गिरण्यांचा संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, पण माणसं गुपचूप दुसरी कामं शोधायला लागली होती, त्या साली. बाईंना ग्रंथपालपदावरून दूर करावं असा ठराव होता आणि तो हात वर करून मंजूर झाला. त्या हातांत एक माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मला कुणी नुसती साक्षीदार समजू नये.

वाचनालय म्हणजे शेवटच्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे लगेच नॅशनल पार्कचं रान. दुपारी तीनच्या सुमाराला त्या रानातून गाळून आलेला उजेड आत यायचा, हिरवट, हलणारा, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा. पंखा फिरायचा, वारा लागायचा नाही. पानं उलटल्याचा आवाज यायचा आणि तो खोलीतला की बाहेरच्या झाडांचा, ते कळायचं नाही. कधी एखादं माकड गजांना धरून आत बघत बसायचं. बाई मान वर न करता म्हणायच्या, "आधी सभासद हो."

त्यांना मी फक्त बसलेलं पाहिलेलं आठवतं. उभ्या राहिल्या तर किती उंच होतील याचा अंदाज आम्हा मुलींना नव्हता. गळ्यात दोन चष्मे. एक वाचायचा आणि एक माणसांचा. माणूस कंटाळवाणा निघाला की त्या माणसांचा चष्मा काढून वाचायचा लावायच्या आणि त्याच्याकडेच बघत राहायच्या. त्याला बिचाऱ्याला वाटायचं, बाई लक्ष देऊन ऐकतायत.

त्यांची कपाटं विषयवार नव्हती, लेखकवार तर नव्हतीच. तीन कपाटं होती: सकाळचं, दुपारचं आणि दिवेलागणीचं. कविता सकाळच्या कपाटात, चहाच्या आधी वाचायच्या म्हणून. इतिहास दुपारच्या, कारण लढाया भरल्या पोटीच सोसतात. स्वयंपाकाची पुस्तकं दिवेलागणीच्या, कारण तेव्हा भूक खरी असते. भर दुपारी कुणी सकाळचं पुस्तक मागितलं तर द्यायच्या, पण वर सांगायच्या, "अर्धंच कळेल. राहिलेल्याबद्दल मला बोलायचं नाही."

परत आलेलं पुस्तक त्या लगेच दुसऱ्याला देत नसत. ते एका वेताच्या टोपलीत, पांढऱ्या पंच्याखाली, एक दिवस ठेवलेलं असायचं. मी एकदा हट्ट धरला, की बाई, ते बघा टोपलीत दिसतंय, द्या ना.

"निजलंय गं. आत्ताच आलंय बी विंगमधून. त्यांच्याकडे संध्याकाळभर टीव्ही चालतो, दमलं असेल."

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. मला ते पूर्णपणे पटलं. वीस वर्षांची झाल्यावर त्याच गोष्टीचा मला राग यायला लागला. मी कॉलेजात होते, आमच्या विवेकवादी मंडळाची पत्रकं मी लिहायची, स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाईलची शाई कोपरापर्यंत लागलेली असायची. मुलांना असलं काहीतरी सांगणारी बाई मला धोकादायक वाटायला लागली. पुस्तक निजतं म्हणे. उद्या सांगाल दगड पावतो.

पण त्यांची एक पद्धत मात्र तेव्हाही मला आवडायची, आणि तिच्यावरच सगळं फिरलं, म्हणून ती नीट सांगते. वाचनालयात एक तक्रारवही होती. तिला तीन रकाने: तक्रार करणाऱ्याचं नाव, पुस्तक, आणि 'कितव्या पानावर'. तिसरा रकाना भरल्याशिवाय तक्रार घेत नसत. एक निवृत्त साहेब एकदा तावातावाने आले, की ही कादंबरी अश्लील आहे.

"पान?"

"पान काय विचारता, सगळीच अश्लील आहे."

"सगळी वाचलीत?" बाई म्हणाल्या. "मग साहेब, तक्रार कसली, लेखकाला आभाराचं पत्र पाठवा."

पान लिहिलं असेल तर मात्र बाई ते पान काढून स्वतः वाचायच्या आणि समोर उत्तर लिहायच्या. पुष्कळदा तक्रार करणाऱ्याच्या बाजूने. 'पान ४१. आपलं म्हणणं बरोबर. इथे लेखक थापा मारतो.' अशी त्यांची बारीक, उजवीकडे कललेली नोंद मी पाहिलेली आहे. सूट कुणाला नव्हती, लेखकालाही नाही.

आता ते पुस्तक.

मुलांसाठीची कादंबरी होती. लेखकाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पवईच्या तळ्याखाली एक बुडालेलं गाव आहे आणि त्या गावाचा राखणदार अजून तिथेच आहे, अशी काहीतरी गोष्ट. आमच्या कोकणातल्या माणसांना राखणदार समजावून सांगावा लागत नाही. गावाच्या हद्दीवर असतो, दिसत नाही, वर्षाला नारळ घेतो आणि गाव सांभाळतो. या पुस्तकात तो दिसतो. त्याला शेपूट आहे आणि ती तो लाजून लपवतो. एका मुलीची चप्पल तळ्यात पडते, ती परत द्यायला तो वर येतो.

झालं. आमच्या वसाहतीतली पोरं चपला पाण्यात टाकायला लागली. तळं लांब होतं म्हणून गच्चीवरच्या टाकीत. ए विंगची टाकी साफ करताना सात चपला निघाल्या, त्यांत एकही जोडी नव्हती. वसाहतीचे चिटणीस त्या सात चपला वर्तमानपत्रावर मांडून घरोघर दाखवत फिरले. म्हणाले, बघा, हे वाचन.

त्यात एका रविवारच्या पुरवणीत कुणीतरी या पुस्तकाविरुद्ध पत्र लिहिलं, की मुलं बिघडतायत. मग आमच्या मंडळाने विषय घेतला. भुताखेतांचा प्रचार, कोवळ्या मनांवर अंधश्रद्धेचं विष. पत्रक मी लिहिलं. एका बैठकीत लिहिलं, झकास उतरलं होतं. 'हे पुस्तक मागे घ्या, नाहीतर खुर्ची खाली करा.' पुस्तक मी उघडूनही पाहिलेलं नव्हतं. उघडायचं कशाला? विष चाखून बघतं का कुणी, असं मी मंडळात म्हटलेलं होतं आणि त्यावर हशाही पिकला होता.

दुसऱ्या बाजूने माझे बाबा. बाबा गिरणीत तेवीस वर्षं होते, संपानंतर एका नव्या इमारतीवर वॉचमन झाले होते. त्यांच्या गाववाल्यांच्या मंडळातही हे पुस्तक गाजत होतं, पण वेगळ्याच कारणाने. पुस्तकातली मुलगी राखणदाराला 'अरे' म्हणते. 'अरे, तू कोण?' हा अपमान होता.

त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा बाबा आणि मी एका बाजूला आलो. मी म्हणत होते राखणदार नसतोच, ते म्हणत होते त्याला अरेतुरे करायचं नसतं, आणि दोघांचं मिळून एकमत, की पुस्तक नको. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "चला, एवढं तरी त्या पुस्तकाने केलं."

पत्रकं छापून झाली त्या दुपारीच मी वाचनालयात गेले. पत्रकांचा गठ्ठा काखेत. बाईंनी एक पत्रक घेऊन शेवटपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि तक्रारवही माझ्याकडे सरकवली.

"नाव लिही. पुस्तक लिही."

लिहिलं.

"कितव्या पानावर?"

त्या हिरव्या उजेडात पेन धरून मी बसले होते. पुस्तक त्यांच्या कोपराशीच होतं, पांढऱ्या पंच्याखाली. मागून घेतलं असतं तर मिळालं असतं. पण मागायचं म्हणजे कबूल करायचं. मी लिहिलं, एकशे बारा. आकडा मनात आला तो लिहिला. बाईंनी वही फिरवून बघितलं. गळ्यातला माणसांचा चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. बाहेर कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "वाचीन हं मी."

आणि वही बंद केली.

दोन दिवसांनी बाबा वाचनालयात गेले. त्यांना लिहायचं जिवावर यायचं, म्हणून तोंडी तक्रार करणार होते. त्यांनी सभेनंतर कधीतरी आम्हाला जेवताना सांगितलं, ते असं.

बाई म्हणाल्या, "बसा. तुम्ही राखणदाराला काय म्हणता?"

"म्हंजे?"

"गावी गाऱ्हाणं घालता ना तुम्ही. घाला बघू इथे."

बाबा आमच्या वाडीचे गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे नारळ ठेवताना सगळ्यांतर्फे देवाला साकडं घालणारे. सवयीने हात जुळले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या ठिकाणी जो काय तुका नारळ ठेवलेलो आसा..." आणि तिथेच थांबले.

"तुका," बाई म्हणाल्या.

"व्हय."

"तुमका नाही म्हणालात."

बाबा म्हणाले, "बाईनू, आमचो संबंध येगळो. चार पिढ्यांचो."

"बरोबर आहे. त्या मुलीचा संबंध कसा आहे ते बघायचं का? पान सतरा."

आणि बाईंनी वाचायला सुरुवात केली. पान सतरा संपल्यावर बाबांनी विचारलं, आधी काय झाला? मग पहिल्या पानापासून. ड्युटीवर जायच्या आधी रोज तासभर, असे बाबा पाच दुपारी तिथे जाऊन बसले. आम्हाला वाटलं भांडायला जातायत. एके दिवशी मी खिडकीवरून गेले तर बाई वाचत होत्या, अगदी सपाट आवाजात, आणि बाबा समोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते खोलीत नव्हते. वॉचमनचा खाकी शर्ट त्या उजेडात शेवाळासारखा दिसत होता. मी दोन मिनिटं उभी राहिले. मग मला पत्रकं वाटायची होती.

बाईंनी पुस्तक मागे घेतलं नाही, म्हणून सभा बोलावली गेली. हॉल गच्च भरला होता. चिटणीसांनी त्या सात चपला टेबलावर मांडल्या. ठराव वाचला. आमच्या मंडळातर्फे मी बोलले आणि चांगली बोलले. "हे पुस्तक आम्ही वाचलं आहे," असंही बोलले. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, तक्रारवही मांडीवर. मी ते वाक्य म्हटलं तेव्हा त्यांनी वही उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि पुन्हा मिटली.

चिटणीस म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"तक्रारी वाचून उत्तरं लिहिली आहेत. एक उरली आहे," बाई म्हणाल्या.

"ती कुठली?"

"तिला वेळ लागेल."

तेव्हा मागून बाबा उभे राहिले. ते सभेत कधी बोलत नाहीत. मला वाटलं आता माझ्या बाजूने बोलणार.

"तां चेडू तेका अरे म्हणता," बाबा म्हणाले. "तां माका रुचूक नाय. आजून रुचणा नाय. पण तेची राखण पाण्याखाली गेली आणि तेका कोणी सांगूकच नाय, तो तसोच फेरे मारता, ह्या मी आयकलंय. आख्खा आयकलंय. तुमच्यातल्या कोणी आयकल्यान? माझी तक्रार मी मागे घेतंय."

"अहो, ते ठीक आहे, पण टाकीचं काय?" चिटणीस म्हणाले, आणि लोक हसले. टाकीच्या हशात बाबा खाली बसले. मग हात वर गेले. वर सांगितलंच आहे.

पुस्तक रद्दीत घालायचं काम आमच्या मंडळाने घेतलं होतं, म्हणजे मी. सोमवारी दुपारी किल्ली घेऊन गेले. बाईंची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पुस्तक टोपलीतच, पंच्याखाली. हातात घेतलं तर फारच हलकं लागलं. शेवटचं पान उघडलं. शहाण्णव.

मी खाली बसले. फरशीवरच. पुन्हा बघितलं. एखादं पुरवणीचं पान, शुद्धिपत्र, काहीही. शहाण्णव पानं, मग कोरं, मग पुठ्ठा. त्या बाईंना मी वहीत लिहिलं त्या क्षणीच कळलेलं होतं. सभेत त्यांनी नुसती वही उघडून चिटणीसांच्या हातात दिली असती, तर ठराव तिथेच पडला असता आणि मी बोरीवलीत तोंड दाखवू शकले नसते.

मग मी ते वाचलं. पाच वाजेपर्यंत. काय सांगू. तळ्याखालच्या त्या गावात घरांची दारं उघडी आहेत आणि मासे माजघरातून परसात जातात. राखणदार दर संध्याकाळी वेशीवर जाऊन ओरडतो, 'सगळे आले का?' आणि कुणी उत्तर देत नाही, तेव्हा त्याला वाटतं सगळे झोपले असतील, म्हणून तो हळू पावलांनी परत येतो. पाणी आलंय हेच त्याला माहीत नाही. त्याला वाटतं धुकं आहे, फार दिवस राहिलंय. मुलगी त्याला वर आणते आणि काम शोधून देते म्हणते. दोघं देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर जातात. तिथल्या घारी सांगतात, राखण्यासारखं असतं तर इथे आलं असतं का? एका कारखान्याच्या फाटकावर जातात. तिथला माणूस न बघताच हात हलवतो. तेव्हा राखणदार आपली शेपूट पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला बसतो. शेवटी मुलगी खडूने स्वतःभोवती एक चौकोन काढते आणि म्हणते, अरे, ही माझी हद्द, हिची राखण कर. आणि तो बसून राहतो. एवढंच. पान शहाण्णव.

भुताखेतांचा प्रचार. मी लिहिलं होतं. सुरेख अक्षरात, स्टेन्सिलवर.

संप सुरू झाल्यापासून वॉचमनची नोकरी लागेपर्यंत बाबा सकाळी सातला घरातून निघून कुठे जायचे, ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. म्हणाले, "गिरणीच्या गेटार. बघून येय."

बाई मुलुंडला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. पत्ता काढून मी गेले. गॅलरीत बसल्या होत्या, समोर दुसऱ्याच्या मालकीचं झाड. मी सरळ विचारलं, "वही का दाखवली नाहीत?"

"कुणाला?"

"सगळ्यांना. मी खोटं लिहिलं होतं. तुम्हाला माहीत होतं."

"हो की." त्यांनी माणसांचा चष्मा घातला. "आकडा बरा निवडलास पण. एकशे बारा. एखाद्या पुस्तकात चांगलं पान असतं एकशे बारावं."

"बाई, थट्टा नको. तुमची जागा गेली."

"अगं, चारचौघांत लाज गेलेलं माणूस पुन्हा वाचनालयाच्या पायरीवर चढत नाही. मी पाहिलंय. सातवीपासून येत होतीस तू. जागा काय, माझी जागा कधीतरी जायचीच होती."

मला हे पटलेलं नाही. त्यांच्या तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते, की ते चुकीचं होतं. माझ्या लाजेपायी तीन कपाटं रिकामी झाली. त्या खोलीत आता कॅरमबोर्ड आहे आणि पुस्तकं चिटणीसांच्या कार्यालयात विषयवार लावलेली आहेत, कुणी मागत नाही. बाईंनी मला वाचवायला नको होतं. मी तसं म्हणाले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, वाचायचा घातला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"मग तू सांग की त्यांना," त्या म्हणाल्या. "तुला तर पत्रकं लिहिता येतात."

म्हणून हे. दोन वर्षं लागली मला, त्याचा खुलासा माझ्याकडे नाही. वसाहतीची वार्षिक सभा तीन आठवड्यांवर आली आहे. बाईंना परत बोलवावं असा ठराव मी मांडणार आहे आणि बाबा त्याला अनुमोदन देणार आहेत, 'अरे'बद्दलचा त्यांचा आक्षेप कायम ठेवून. बाई येतील का, विचारलं तर म्हणाल्या, बोलवा, मग बघू. मी सभेत उभी राहून सांगणार आहे, की मी न वाचता बोलले आणि खोटं पान लिहिलं. टाकीवर झाकण बसवायला किती वेळ लागतो, हेही चिटणीसांना विचारणार आहे.

पण माझ्या शब्दावर मत देऊ नका. एकदा दिलंत, त्याचं काय झालं ते वाचलंत. ते पुस्तक मी रद्दीत घातलं नाही. माझ्याकडे आहे. दुपारी तीननंतर मी घरी असते. या, घेऊन जा, वाचा, आवडलं नाही तर सभेत माझ्याविरुद्ध बोला, मी ऐकून घेईन. पानं फक्त शहाण्णव आहेत, पण प्रत एकच आहे आणि तुम्ही पुष्कळ आहात. आजच या.